ध्वनिमुद्रिकांची साठवण व बोलीचा पुरावा : पारनेर परिसराच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

ध्वनिमुद्रिका ही सामान्यतः संगीतरसिकाच्या जिव्हाळ्याची वस्तू मानली जाते. तिच्या साठवणीचा प्रश्न भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप प्रथमदर्शनी कोणी घेऊ शकेल. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी उच्चारांचा विचार करू लागताच हा आक्षेप गळून पडतो. त्या काळातील मराठीची लिखित साधने विपुल आहेत. व्याकरणे आहेत, कोश आहेत, वृत्तपत्रे आहेत. मात्र उच्चाराचा प्रत्यक्ष पुरावा असे ज्याला म्हणता येईल, ते साधन फार थोडे आहे, आणि जे आहे ते बहुतांशी तबकड्यांच्या खाचांत आहे. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध केला. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातील मराठीचा सातवा खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला व तो १९०५ मध्ये निघाला. हे दोन्ही ग्रंथ अक्षरांच्या आधारे उभे आहेत. अक्षराने न टिपलेले जे काही असते, त्यासाठी ध्वनिमुद्रणाकडेच वळावे लागते. स्वतः ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाला पूरक म्हणून १९१३ पासून पुढे भारतातील अनेक भाषांचे नमुने ग्रामोफोनवर घेण्यात आले, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा एकच आहे. तबकडी नीट न ठेवल्यास जे नुकसान होते ते सर्व अंगांना सारखे होत नाही. चाल, ताल व स्वर दीर्घकाळ टिकतात. व्यंजनांचे सूक्ष्म भेद प्रथम नष्ट होतात. म्हणजे रसिकाच्या दृष्टीने तबकडी अद्याप 'चांगली वाजते' अशी असतानाच भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ती निकामी झालेली असू शकते. म्हणून साठवणीचे नियम अभ्यासकाने रसिकापेक्षाही अधिक काटेकोरपणे पाळावयास हवेत.

पारनेर परिसराचा संदर्भ घेण्यास दोन कारणे आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हा तालुका पर्जन्यछायेतील पठारावर वसलेला आहे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, वर्षातील बराच काळ हवा कोरडी असते आणि पावसाळ्यात ती एकाएकी दमट होते. तबकडीच्या दृष्टीने हे हवामान कसोटीचे आहे. दुसरे असे की, येथील अनेक कुटुंबांचा नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबईशी जुना संबंध आहे; आणि ग्रामोफोन, रेकॉर्डी यांसारख्या वस्तू शहरातून गावाकडच्या घरी येऊन पोचण्याचा मार्ग महाराष्ट्रात सर्वत्र हाच राहिला आहे. बोलींच्या नोंदी घेण्यासाठी गावोगाव जाणाऱ्या विद्यार्थ्याला एखाद्या माळ्यावर अशा तबकड्यांची पेटी आढळणे मुळीच असंभाव्य नाही. त्या वेळी काय करावे व काय करू नये, हे त्याला आधी ठाऊक असावे.

२. तबकडीचे घटकद्रव्य

सपाट तबकडीवर ध्वनी कोरण्याची पद्धत एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये पुढे आणली. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला. प्रारंभी येथे मुद्रित केलेल्या ध्वनीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून परत येत असत. पुढे १९०८ मध्ये सियालदह येथे व १९२८ मध्ये दमदम येथे कारखाना निघाला. या प्रवासात एक कौतुकाची गोष्ट आहे. तबकडीचे मुख्य बंधक द्रव्य जो चपडा लाख, तो प्रामुख्याने भारतातीलच पळस, बोर व कुसुम या झाडांवरील कीटकापासून मिळे. लाख येथून परदेशी जाई आणि गाणे होऊन परत येई.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत लाखेचे प्रमाण मात्र फार नसते. तिचा मोठा भाग दगडाच्या किंवा चुनखडीच्या बारीक भुकटीचा असून, त्यात काजळी व थोडे कापसाचे तंतू मिसळलेले असतात. ही भुकटी मुद्दाम खरखरीत ठेवलेली असे. पोलादी सुई खाचेत झिजून तिला खाचेचा आकार यावा, हा त्यामागील हेतू. अशी तबकडी कठीण पण ठिसूळ असते. ती पडली तर फुटते. आणि तिच्यातील लाखेवर वर्षानुवर्षे रासायनिक क्रिया चालू राहिल्यामुळे ती हळूहळू आकसत व अधिक ठिसूळ होत जाते. उष्णता व दमटपणा यांमुळे ही क्रिया वेग घेते.

१९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घवादन तबकडी बाजारात आली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते व व्हिनाइल या प्लॅस्टिकची असते. भारतात लाखेच्या तबकड्या त्यानंतरही, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तरी, निघत होत्या. त्यामुळे आपल्याकडील जुन्या संग्रहांत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. व्हिनाइल लवचीक असल्याने फुटत नाही, आणि म्हणूनच लोक त्याच्याविषयी निष्काळजी राहतात. वस्तुतः बाक येण्याचा धोका त्यालाच अधिक आहे.

तिसरा एक प्रकार संख्येने थोडा पण महत्त्वाने मोठा आहे. पूर्वी नभोवाणी केंद्रांत व ध्वनिमुद्रणगृहांत जागच्या जागी मुद्रण करण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेल्या तबकड्या वापरीत. लेप मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल तेल घालीत. कालांतराने या तेलातील आम्ले पृष्ठभागावर पांढऱ्या साक्यासारखी जमतात, लेप आकसतो आणि पत्रा न आकसल्यामुळे लेपाला तडे जाऊन तो सोलून निघतो. अशा तबकडीची प्रत बहुधा जगात एकच असते. ती आढळल्यास अभ्यासकाने तिच्यावर कोणताही प्रयोग न करता ती जाणकाराकडे सोपवावी.

३. बाक का येतो

उष्णतेने तबकडी वितळते, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. लाख साधारण पासष्ट-सत्तर अंशांना मऊ होते. तबकडीचे व्हिनाइलही त्याच सुमारास आपला ताठपणा सोडते. घराच्या खोलीत एवढी उष्णता कधीच नसते. ती उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत असते, आणि तेथे तबकडी एका दुपारीत वाकडी होते हे खरेच. परंतु घरातील तबकडी वाकते ती निराळ्या कारणाने.

प्लॅस्टिकसारख्या पदार्थावर अल्प पण सततचा भार राहिला, तर तो मऊ होण्याच्या तापमानाच्या बऱ्याच खालीही हळूहळू आकार बदलतो. हा बदल दिवसांत दिसत नाही, वर्षांत दिसतो. आणि तापमान जितके अधिक तितका तो लवकर होतो. म्हणून बाक येण्याला भार, उष्णता व काळ या तीन गोष्टींचा संयोग लागतो. यांपैकी काळ आपल्या हाती नाही. उष्णता पारनेरसारख्या ठिकाणी अंशतःच हाती आहे. भार मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. साठवणीचे बहुतेक नियम भारासंबंधी आहेत, याचे कारण हेच.

भार चुकीचा पडण्याच्या रीती प्रामुख्याने तीन. पहिली, तबकड्या आडव्या रचून ठेवणे. पाकिटासह एक दीर्घवादन तबकडी सुमारे पाव किलो भरते. तीस तबकड्यांच्या थप्पीत सर्वांत खालच्या तबकडीवर सात किलोंहून अधिक वजन कायमचे असते. त्यांच्यामध्ये धुळीचे कण असतील तर ते खाचेत रुतून बसतात. थप्पीत दहा इंची तबकडीवर बारा इंची ठेवलेली असल्यास वरच्या तबकडीची कड अधांतरी राहून खाली झुकते व तिला पालथ्या ताटलीसारखा आकार येतो. दुसरी रीत, तबकड्या उभ्या परंतु तिरक्या ठेवणे. अर्ध्या रिकाम्या फळीवर त्या एकमेकींवर रेलतात आणि सर्व वजन मध्यावर न येता एका बाजूस येते. तिसरी, दुकानातून आणलेल्या तबकडीवरील पारदर्शक चिकट आवरण तसेच राहू देणे. हे आवरण कालांतराने आणखी आकसते व तबकडीला चारी बाजूंनी खेचून वाकविते.

४. विकृती व श्राव्य पुरावा

या विकृतींचा भाषाभ्यासाशी असलेला संबंध आता पाहू. त्यासाठी खाचेतील लहरींची लांबी लक्षात घ्यावयास हवी.

दीर्घवादन तबकडीच्या आतल्या भागात, मध्यापासून सहा सेंटिमीटर अंतरावर, खाच सुईखालून सेकंदाला सुमारे २०९ मिलिमीटर या वेगाने जाते. दर सेकंदाला १५० कंप असलेल्या पुरुषी आवाजाच्या मूळ स्वराची एक लहर तेथे सुमारे १.४ मिलिमीटर लांब असते, डोळ्याला दिसण्याइतकी. परंतु स या घर्षकाची ऊर्जा पाच ते आठ हजार कंपांच्या पट्ट्यात असते. आठ हजार कंपांची लहर त्याच जागी केवळ ०.०२६ मिलिमीटर, म्हणजे सव्वीस सहस्रांश मिलिमीटर, भरते. धुळीचा एक सामान्य कण एवढाच असतो. खाच किंचित झिजली, कण रुतला किंवा उष्णतेने खाचेच्या भिंती थोड्या सैल झाल्या, तर प्रथम पुसली जाते ती ही सूक्ष्म लहर. मूळ स्वराच्या लांब लहरीला त्याचे काही वाटत नाही. गाणे ओळखू येते. स आणि श यांतला फरक ओळखू येत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला ही गोष्ट विशेष जाचणारी आहे. आपल्या भाषेत दंततालव्य च़, ज़ व तालव्य च, ज हे भेद अर्थनिर्णायक असून लेखनात मात्र ते दाखविले जात नाहीत. 'जग' हा शब्द 'विश्व' या अर्थी एक व 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसरा. 'चार' ही संख्या एक आणि गुरांना 'चार' असे सांगताना दुसरा. एखाद्या शब्दात विशिष्ट काळी, विशिष्ट भागात कोणता उच्चार होत होता हे छापील पानावरून ठरत नाही, ध्वनीवरूनच ठरते. आणि तो ध्वनी स्पर्शानंतर येणाऱ्या घर्षणाच्या उच्च कंपांत असतो. म्हणजे लिपीने जे टिपले नाही तेच नेमके तबकडी प्रथम गमावते.

येथे तबकडीचा काळही पाहावा लागतो. १९२५ पूर्वीचे मुद्रण कर्ण्याच्या साह्याने, विजेवाचून होत असे. त्यात सुमारे दोन-अडीच हजार कंपांच्या वरचे फारसे काही उतरत नसे. अशा तबकडीवरून च़ आणि च यांचा निर्णय करण्याचा प्रयत्न मुळातच व्यर्थ होय. १९२५ नंतर मायक्रोफोनच्या साह्याने विद्युतमुद्रण सुरू झाले व ही मर्यादा पाच हजारांच्या आसपास गेली. तेथे निर्णयाची शक्यता निर्माण होते, पण काठावरची. म्हणूनच विद्युतमुद्रित लाखेच्या तबकड्यांत जे थोडे उरले आहे, ते जपणे अगत्याचे. मूर्धन्य ण व दंत्य न यांची गोष्ट थोडी निराळी आहे. ग्रामीण बोलींत 'पाणी'चे 'पानी' होते. हा भेद लगतच्या स्वरांच्या अनुनादांत, दोन-अडीच हजारांच्या परिसरातही, उमटत असल्याने तो जुन्या मुद्रणात सापडण्याची आशा अधिक असते. कोणत्या तबकडीला कोणता प्रश्न विचारावा, हे यावरून ठरवावे.

दुसरा परिणाम स्वराच्या चढउतारावर होतो. तबकडी वाकलेली असल्यास प्रत्येक फेऱ्यात सुई चढते व उतरते. उतारावर तिचा दाब क्षणभर कमी होऊन तेवढ्यापुरता खाचेशी संपर्क सुटतो. मध्यछिद्र झिजून तबकडी केंद्रापासून ढळली असल्यास वेगच कमीजास्त होतो. हे ढळणे केवळ एक मिलिमीटर असले, तरी मध्यापासून दहा सेंटिमीटरवर वेगात एक टक्का चढ व एक टक्का उतार पडतो. १५० कंपांचा आवाज १४८.५ ते १५१.५ यांच्या दरम्यान झुलतो. या झोक्याचा काळ ७८ फेऱ्यांच्या तबकडीत ०.७७ सेकंद व ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीत १.८ सेकंद असतो. बोलण्यातील एखादे छोटे वाक्य नेमके एवढ्याच अवधीचे असते. तेव्हा वाक्याच्या अखेरीस स्वर उतरला असे जे आलेखात दिसते, तो वक्त्याचा आघात आहे की तबकडीचा झोका आहे, याची शहानिशा केल्यावाचून वाक्यस्वराविषयी कोणतेही विधान करणे धोक्याचे ठरेल. ओळखण्याची खूण सोपी आहे : झोका नियमित काळाने परत येतो, मनुष्याचे बोलणे तसे येत नाही.

५. साठवणीचे नियम

ध्वनिमुद्रिकांच्या जतनाविषयी पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेतील काँग्रेस ग्रंथालयाच्या वतीने पिकेट व लेम्को यांनी केला व तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे मुख्य निष्कर्ष आजही ग्राह्य आहेत. साधारण एकवीस अंश तापमान व पन्नास टक्के आर्द्रता, धूळरहित हवा आणि उभी साठवण, हा त्यांचा सारांश. ग्रंथालयाच्या वातानुकूलित तळघरात हे शक्य आहे. पारनेरच्या घरात नाही. परंतु या आकड्यांमागील तत्त्व कोठेही पाळता येते. ते असे की, तापमान व आर्द्रता यांचे नेमके प्रमाण जितके महत्त्वाचे, तितकेच, किंबहुना अधिक, त्यांचे स्थैर्य महत्त्वाचे असते.

या दृष्टीने घराची रचना पाहावी. जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंती व मातीचे छत यांमुळे माजघरातील हवा दिवसभर जवळजवळ सारखी राहते. फडताळ किंवा भिंतीतील कोनाडा, ओल येत नसल्यास, तबकड्यांना उत्तम. उलट पत्र्याच्या छपराखालचा माळा ही घरातील सर्वांत वाईट जागा होय. दुपारी तेथे घरातील अन्य कोणत्याही जागेपेक्षा अधिक उष्णता असते व रात्री ती झपाट्याने उतरते. आणि अडगळ म्हणून तबकड्या नेमक्या तेथेच जातात. सिमेंटच्या छताच्या घरात वरचा मजला व पश्चिमेची भिंत टाळावी. चुलीचा धूर, खिडकीतून येणारे ऊन व जमिनीची ओल यांपासून तबकड्या दूर ठेवाव्यात. खालची फळी जमिनीपासून निदान वीतभर वर असावी. त्यामुळे ओल व वाळवी या दोहोंपासून बचाव होतो.

मांडणीविषयी पुढील गोष्टी पाळाव्यात. तबकड्या सरळ उभ्या असाव्यात. पुस्तकांप्रमाणेच, पण पुस्तकांपेक्षा अधिक काटेकोरपणे. दर दहा ते पंधरा सेंटिमीटरवर तबकडीच्या पूर्ण उंचीचा उभा पडदा असावा; नुसता खालच्या टोकाला आधार देणारा पत्रा पुरत नाही. एक तबकडी सहज ओढून काढता येईल व बाकीच्या रेलणार नाहीत, इतपतच त्या भरलेल्या असाव्यात. दहा इंची व बारा इंची तबकड्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. फळी भक्कम हवी. बारा इंची दीर्घवादन तबकड्यांनी भरलेल्या एक फूट फळीवर सुमारे सोळा किलो वजन येते आणि लाखेच्या तबकड्या त्याहूनही जड असतात. मधोमध झोळ आलेल्या फळीवर उभ्या तबकड्याही तिरक्या होतात. उभे ठेवण्याच्या नियमाला अपवाद एकच : फुटलेली, तडा गेलेली किंवा लेप सुटलेली तबकडी आडवी, एकेकटी, ताठ पुठ्ठ्यावर ठेवावी.

आतील पाकिटाकडे बहुधा दुर्लक्ष होते. जुनी खाकी पाकिटे आम्लयुक्त असून त्यांचा भुगा खाचेत उतरतो. ती बदलून चांगल्या कागदाची किंवा पॉलिएथिलीनची पाकिटे वापरावीत. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटे कटाक्षाने टाळावीत. त्यातील मृदुकारी द्रव्य तबकडीच्या पृष्ठभागावर उतरते. पाकिटाचे तोंड बाह्य वेष्टनाच्या तोंडाशी न जुळविता वरच्या बाजूस ठेवले, तर धूळ आत जात नाही. जुने पाकीट मात्र फेकू नये. त्यावर दुकानाचे नाव, गाव व क्वचित मालकाचे हस्ताक्षर असते; तबकडी कोठून कोठे गेली याचा तोच पुरावा. कपड्यांच्या पेटीत टाकतात त्या डांबरगोळ्या प्लॅस्टिकजवळ ठेवू नयेत.

पावसाळ्यात पेटी किंवा कपाट चार महिने बंद ठेवणे हा आपल्याकडील सार्वत्रिक रिवाज आहे. तो चुकीचा आहे. आत कोंडलेल्या दमट हवेत पाकिटाच्या कागदावर बुरशी धरते व तेथून ती तबकडीवर येते. उघडीप पडेल त्या दिवशी कपाट काही वेळ उघडावे. तबकड्यांना 'ऊन दाखविण्याचा' मोह मात्र आवरावा. गोधड्यांना जे मानवते ते तबकड्यांना मानवत नाही.

६. हाताळणी, स्वच्छता व वाकलेली तबकडी

तबकडी कडेने व मधल्या चिठ्ठीच्या जागी धरावी. खाचांना बोट लागू देऊ नये. बोटाच्या तेलकटपणावर धूळ धरते व बुरशी वाढते. कोरडी धूळ मऊ कुंचल्याने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, काढावी. व्हिनाइलची तबकडी ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणद्रवाचा थेंब टाकून मऊ कापडाने पुसता येते. शेवटी शुद्ध पाण्याने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी. लाखेच्या तबकडीबाबत एक गोष्ट विसरता कामा नये : स्पिरिट किंवा अन्य कोणतेही मद्यार्कयुक्त द्रव तिला लावू नये, कारण लाख मद्यार्कात विरघळते. एका पुसण्यात पन्नास वर्षे टिकलेली खाच नाहीशी होईल. पाणीही तिच्यावर फार वेळ राहू देऊ नये. आतील भुकटी व तंतू ते शोषून घेतात.

जुन्या पोलादी सुईच्या ग्रामोफोनवर तबकडी 'वाजते का ते पाहणे' हा मोह सर्वांत घातक आहे. ते यंत्र तबकडीवर फार मोठा भार टाकते. प्रत्येक वादनात उच्च कंपांचा काही भाग झिजतो. दीर्घवादन तबकडीच्या बारीक सुईने लाखेची तबकडी वाजविणेही योग्य नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते व तिला सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी, जेथे धूळ साठलेली असते, घासत जाते.

वाकलेली तबकडी सरळ करण्याचे घरगुती उपाय बरेच सांगितले जातात. दोन काचांमध्ये धरून उन्हात ठेवणे हा त्यांपैकी प्रमुख. तबकडी याने पुष्कळदा सपाट होते. परंतु ज्या उष्णतेने तबकडीचा बाक सैल पडतो, त्याच उष्णतेने खाचेच्या भिंतींवरील सूक्ष्म लहरीही सैल पडतात. संगीतरसिकाला हा सौदा परवडेल. आपल्याला परवडणारा नाही. अभ्यासकाने वाकलेल्या तबकडीला उष्णता न देता प्रथम तिची प्रत करून घ्यावी. तबकडी निम्म्या वेगाने फिरविल्यास सुई उडत नाही, व मूळ वेग नंतर संगणकावर पुन्हा आणता येतो.

७. नोंद व प्रतिमुद्रण

साठवण कितीही उत्तम असली, तरी ती ऱ्हास लांबविते, थांबवीत नाही. म्हणून प्रत करणे हे जतनाचेच अंग होय. त्यासंबंधी भाषाभ्यासकाने चार गोष्टींचा आग्रह धरावा.

एक, तबकडीवरील सर्व मजकूर उतरवून घ्यावा. विशेषतः चिठ्ठीभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक. त्यावरून मुद्रणाचा काळ ठरविता येतो. दोन, वेगाची शहानिशा करावी. आरंभीच्या तबकड्या ७८ म्हटल्या जात असल्या, तरी नेमक्या त्याच वेगाने कोरलेल्या असत असे नाही. ७२ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजविल्यास सर्व कंप सुमारे आठ टक्क्यांनी वाढतात, स्वरांचे अनुनाद वर सरकतात आणि प्रौढ वक्ता तरुण वाटू लागतो. गायनात पेटीच्या स्वरावरून अंदाज घेता येतो. बोलण्यात तो आधार नसतो. विद्युतमुद्रित तबकडीत विजेच्या प्रवाहाची मंद घरघर उमटली असल्यास, आणि मुद्रणस्थळी पन्नास कंपांचा प्रवाह होता हे ठाऊक असल्यास, तिच्यावरून वेग ताडून पाहता येतो.

तीन, मूळ प्रतीवर कोणतीही गाळणी लावू नये. खरखर काढून टाकणाऱ्या आज्ञावली स, श व महाप्राण यांनाही खरखरच समजतात, कारण ध्वनीच्या दृष्टीने ते खरखरीसारखेच असतात. महाजालावर मिळणाऱ्या जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांच्या प्रती पुष्कळदा अशा गाळलेल्या व अनिश्चित वेगाच्या असतात. त्या ऐकण्यास सुखद असल्या, तरी मोजमापास निरुपयोगी होत. चार, प्रत चोवीस बिट व शक्य तर शहाण्णव किलोहर्ट्झ या प्रमाणावर, संकोचन न करता साठवावी. आंतरराष्ट्रीय ध्वनि-अभिलेखागार संघटनेची शिफारसही याच धर्तीची आहे. प्रत झाली म्हणून मूळ तबकडी टाकून देऊ नये. उद्या अधिक चांगली सुई व अधिक चांगले यंत्र निघेल, तेव्हा पुन्हा तिच्याकडेच यावे लागेल.

८. उपसंहार

तबकडी कोणाच्या नावाची आहे, यावर तिचे मोल ठरविण्याची आपल्याला सवय आहे. सूरश्री केसरबाई केरकर यांचे 'जात कहाँ हो' हे भैरवीतील गायन १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णलेपित ताम्र-तबकडीत समाविष्ट झाले. त्या तबकडीला स्वतंत्र ॲल्युमिनियमचे आवरण आहे, सोबत सुई आहे आणि वाजविण्याचा वेग आवरणावर कोरलेला आहे. साठवणीचा याहून पूर्ण आदर्श शोधून सापडणार नाही. त्याच ध्वनिमुद्रिकेच्या प्रती निवडसमितीला सहजी मिळत नव्हत्या. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानात, मेजाखालच्या खोक्यात त्या सापडल्या, असे या प्रकल्पाविषयीच्या 'मर्मर्स ऑफ अर्थ' (१९७८) या ग्रंथात नमूद आहे. नामवंत गायिकेच्या तबकडीची ही स्थिती, तर एखाद्या शाहिराच्या पोवाड्याची, तमाशातील बतावणीची किंवा कीर्तनकाराच्या निरूपणाची काय असेल, याची कल्पना करावी.

आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ही दुसरीच तबकडी पुष्कळदा अधिक मोलाची असते. गाण्यात स्वर ताणले जातात, उच्चार संकेतबद्ध होतात. बतावणीत व निरूपणात माणूस बोलतो. तेही सादरीकरणच असले, तरी त्यातील व्यंजने, आघात व विराम बोलीच्या पुष्कळ जवळ असतात. अशा तबकड्या संग्राहकांना हव्या नसतात, म्हणून त्यांच्या प्रती झालेल्या नसतात. आणि त्यांना कोणी विचारीत नाही, म्हणून त्या माळ्यावर जातात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नोंदींचे मोठे कार्य केले आहे. परंतु तालुक्यातालुक्यांतील घरांपर्यंत पोचणे हे क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यालाच शक्य आहे.

तेव्हा पारनेर तालुक्यात किंवा अन्यत्र बोलीच्या नोंदी घेताना शब्दसूचीबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा : घरात जुन्या रेकॉर्डी आहेत काय, आणि त्या कोठे ठेवल्या आहेत? असल्यास त्या मागून आणण्याची घाई करू नये. त्या कुटुंबाच्या आहेत. माळ्यावरून खाली माजघरात आणवाव्यात, आडव्या असल्यास उभ्या करवाव्यात, चिठ्ठ्यांवरील मजकूर उतरवून घ्यावा आणि त्या तेथे वाजवू नयेत. एवढे करण्यास अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात वाचतील त्या ध्वनींचे विश्लेषण पुढे कोणीही करू शकेल. एका उन्हाळ्यात जे पुसले जाईल, त्याची भरपाई कोणत्याही विश्लेषणाने होणार नाही.